आईंचा उखाणा आणि कॉम्प्युटरचं कुलूप

१५ जाने., गुरु.
संक्रांत उरकली. पाय दुखतायत.
दुपारी आईंनी (सासूबाई, वय अठ्ठ्याहत्तर, तब्येत माझ्यापेक्षा ठणठणीत) मला हाताला धरून खोलीत नेलं, दार लोटलं. मला वाटलं, बीपी वाढलं. तर म्हणतात, "रथसप्तमीले मंडळात हळदीकुंकू आहे ना? मले नाव घ्याचं आहे. तुह्या सासऱ्याचं. स्टेजवर, माईकमंदी."
बाबांना जाऊन बारा वर्षं झाली. मग इतका आनंद झाला की त्यांना मिठीच मारली.
"उखाणा तू लिहून दे. अन् कोणाले सांगू नको. पुष्पाले तर बिलकुल नाही."

१६ जाने.
पुष्पाताई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. गेल्या वर्षी मंडळानं जाहीर केलं, सगळ्या बायकांनी यावं, नवरा असो नसो. तेव्हा ह्याच स्वयंपाकघरात म्हणाल्या होत्या, "हे काय नवीन खूळ!" आईंनी ऐकलं. वर्षभर तो विषय काढला नाही. आता पु.ताईंना कळलं तर त्या पुन्हा एक वाक्य बोलतील आणि आई मुकाट्यानं घरी बसतील. ते मी होऊ देणार नाही.
आईंना भोपळ्याएवढी अक्षरं लागतात, म्हणून कॉम्प्युटरवर लिहायचं ठरवलं. पण तो हॉलमध्ये, सगळ्यांचा. ह्यांचं ऑफिस, ऋताचं कॉलेज, पु.ताई मंडळाच्या सूचना टाइप करतात आणि दुपारी पत्ते खेळतात. नुसती धर्मशाळा.

१७ जाने., शनि.
फाइलला नाव दिलं 'गॅस एजन्सी'. म्हटलं, कोण उघडतंय. संध्याकाळी ह्यांनी नेमकी तीच उघडायला घेतली. झडप घालून माऊस हिसकावला.
"काहून वं? नंबर पाहून राहिलो फक्त."
"व्हायरस आहे त्यात!"
नवऱ्यानं तीनदा स्क्रीन पुसली, फडक्यानं. हसू दाबता दाबता पोट दुखलं.

१८ जाने.
लेकीला शरण. ऋता इथंच, हिंदी मुलखात वाढलेली; मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीतच. "मम्मी, फोल्डर में लॉक लगा देती हूँ। पर आप पासवर्ड भूल जाओगी, तो एक हिंट भी डाल दो।" आणि शहाण्यासारखी पाठ फिरवून बसली.
हिंट टाकली : आईंना उपवासाला काय चालत नाही?
उत्तर : साबुदाणा. त्यांना गॅस धरतो.
मग परीक्षा घेतली. ह्यांना सहज विचारलं. "शेंगदाणे?" ऋता म्हणाली, "दादी को तो सब चलता है।" दोघंही नापास! स्वतःवर फार खूश. रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

२० जाने., मंगळ.
झाला एकदाचा.

ड्यूटीहून येताना गजरा आणायचे खिशात,
वसंतरावांचं नाव घेते आज भर मंडळात.

पु.ताई भाजी आणायला गेल्या तेवढ्यात आईंची तालीम. माईक म्हणून ताकाची रवी. 'भर मंडळात'ला आवाज असा चढला की शेजारच्या मिश्राभाभी कुंपणाशी आल्या, "सब ठीक है ना?" पहिली ओळ मात्र आई यादी वाचल्यासारखी वाचतात. गजरा मी मनानंच घातलाय. मी ह्या घरात आले तेव्हा बाबा रेल्वेतून रिटायर झालेले होते. काय आणायचे, मला काय ठाऊक!

२२ जाने.
गणेशजयंती. आईंचा उपवास. सकाळी पु.ताई खिचडी परतता परतता म्हणाल्या, "आईंची भगर वेगळी टाक वं. साबुदाना चालते का त्याह्यले!"
ज्या बाईनं तीस वर्षं आईंचा उपवास रांधला तिलाच मी हिशेबात धरलं नव्हतं. अक्कल कुठे ठेवली होती देव जाणे.
लगेच बदलणार होते. पण पाहुणे आले, मग आरती, मग प्रसाद. चारला हॉलमध्ये आले तर पु.ताई कॉम्प्युटरसमोरून उठत होत्या.
"पत्ते?"
"हव." आणि चष्मा पुसत आत गेल्या.

२३ जाने., शुक्र.
फाइल उघडली. गजरा गायब!

ड्यूटीहून येताना फुटाणे आणायचे खिशात…

बाकी जसंच्या तसं. ऋता म्हणते, "मैंने नहीं किया, मुझे मराठी टाइपिंग आती ही नहीं।" ह्यांना आडून विचारलं, बाबा ड्यूटीहून काय आणायचे? "मले काय मालूम, मी झोपून राहत होतो."
आईंना बोलावून दाखवलं. वाचलं आणि पलंगावर बसून खदाखदा हसल्या, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "हे तुले कोनं सांगतलं? गजरा त्या मानसानं कवाच नाही आनला! फुटानेच. भनपुरीच्या नाक्यावरचे, गरम. पुष्पा नवी नवरी होती तवा, तिलेबी मूठभर देत होते."
आम्ही दोघींनी एकदमच स्वयंपाकघराकडे, पु.ताईंकडे पाहिलं.
आता पहिली ओळ काय सुंदर म्हणतात!

२४ जाने.
पु.ताईंना फुटाण्यांचं विचारलं नाही. पोळ्या लाटताना त्यांच्याकडे दहा वेळा पाहिलं. "काय पाहून राहिली? पीठ लागलं का तोंडाले?"
पासवर्ड बदलला नाही.

२५ जाने., रवि., दुपार
आई तीन वाजता तयार. मोरपंखी साडी. आणि साडेतीनला पलंगावर बसल्या. "नको वं. म्हातारीले लोक हासतीन. तू जा."
मी किती समजावलं. शेवटी म्हणाले, बरं, निदान बसायला तरी चला, नाव मी तिथं गेल्यावर देईन, वाटलं तर.
तेवढ्यात पु.ताई आत आल्या, आईंच्या पदराला पिन लावायला. पिन दातात धरलेली. ती काढून म्हणाल्या, "तिथं ऐनवेळी कोनी नावं लिहून घेत नाही. यादी काल बंद झाली." मी हादरलेच. हे मला माहीतच नव्हतं. एवढं सगळं करून…
"आईंचं मी परवाच दिलं. सगळ्यात शेवटी ठेवा म्हनलं, तोवर हॉल भरते." मग आईंकडे न बघता पदर सारखा केला. "मागच्या साली मी येडपटासारखं बोलली. उठा आता."
मला रडू आलं, हसूही. दोन्ही एकदम.
बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवतोय. आई अजून उठल्या नाहीत, पण वाचायचा चष्मा मागितलाय. जाते