मुंगी आणि वाटीभर दूध

पिशोर, मंगळवार

प्रिय कस्तुराअक्का,

तुला अक्का म्हणू की जाऊबाई, हेच मला कळेनासं झालंय. एकाच मांडवात आपल्याला दोघा भावांना दिलं, तेव्हा आई किती निर्धास्त झाली होती. औरंगाबादला पोरी एकमेकींना आहेत म्हणाली.

बाळ कसं आहे? अजून रडतं का? माझ्या छातीला लागलं की ठसकायचं, मान मागं टाकून आकांत करायचं. सासूबाईंना वाटलं, दूधच पुरत नाही. मग अळिवाची खीर, डिंकाचे लाडू. माझी चोळी कायम ओली, छाती दगडासारखी टणक, आणि पोर उपाशी म्हणून बोलणीही मलाच. खरं काय ते दवाखान्यातल्या नर्सबाईंना विचारून तूच आलीस. दूध लई आहे, धार जोरात येते म्हणून ते गुदमरतं. आधी थोडं पिळून टाक, मग मागं रेलून पाज, असं तूच शिकवलंस. बाळ शांत निजायलाही लागलं होतं.

तरी सासूबाईंनी मुंगी आणली. आईचं दूध बाधतं का बघायला चार थेंबांत मुंगी सोडायची. मेली तर दूध वाईट. माझी तर थेंबांऐवजी वाटीच भरली. त्यात मुंगी बुडणार नाही तर काय पोहणार? मला हसूच आलं. मी तुझ्याकडं बघितलं. सासूबाईंनीही तुलाच विचारलं, दूध बाधतंय ना म्हणून. आणि तू मान डोलावलीस.

त्याच दुपारी बाळ तुझ्या मांडीवर, तोंडात डब्यातल्या दुधाची बाटली, आणि मी दूध आटवायला माहेरी. टांगा निघाला तेव्हा तू त्याला असं घट्ट धरलं होतंस की मला सगळं कळलं. तुझी ओटी रिकामी आहे हे मला दिसत नव्हतं का? मागितलं असतंस तर दिवसभर तुझ्याच मांडीवर ठेवलं असतं गं. माझं दूध नासकं ठरवून का घेतलंस?

दूध आटावं म्हणून आई रोज मोगऱ्याची फुलं ठेवून छातीला फडकं आवळते. ती शेताकडं गेली की मी ते सोडते आणि परसातल्या लिंबाच्या बुडाशी दूध पिळते. आटू दिलेलं नाही. हे सांगायलाच लिहितेय. रविवारी मी येतेय. सासूबाईंनी खुशाल मुंग्यांचं अख्खं वारूळ आणावं. त्या तुला पुन्हा विचारतील, तेव्हा खरं सांग. नाही सांगितलंस तरी बाळ मी घेणारच. फक्त मग अक्का कुणाला म्हणायचं, तेवढं सांग.

अजून तरी तुझीच,
राजी