चार लिंबं आणि अठरा इंची चाकं

रविवार, २ नोव्हेंबर

ठरलं. गाडी घ्यायची. इलेक्ट्रिक. कोणासाठी? आईसाठी. स्वतःला काडीचाही मोह नाही, हे इथे आधीच नोंदवून ठेवतो.

आज भोरहून पासलीला, गावी आईकडे जाऊन आलो. आईचा डावा डोळा पार दुधाळ झालाय, उजवाही त्याच वाटेवर आहे. चहा बशीच्या शेजारी ओतला आणि बशी माझ्यापुढे केली. घे की रं सोमा, निवंल. मी रिकामी बशी तोंडाला लावून फुरका मारला. भोरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनला २४ तारीख दिलीय, आता लांबवाल तर डोळा जाईल म्हणाले. आईचं मात्र एकच. आपरेशनचं भ्या न्हाई, गाडीचं हाय. मागं जीपमधनं आले तवा मार्गासनीपोतर आतडी तोंडात आली व्हती. मळमळणार न्हाई अशी गाडी असंल तर आण, येते. न्हाईतर आंधळी का हुईना, हितंच बरी.

संकल्प : भोर तालुक्यातली सगळ्यात आरामशीर गाडी शोधायची. अभ्यासपूर्वक. भावनेच्या भरात नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

अभ्यास पूर्ण. पतसंस्थेत आज गिऱ्हाईक कमी होतं, त्यामुळे सगळे व्हिडिओ बघून झाले.

गाडी एकच, प्रकार दोन. बेस आणि टॉप. बॅटरी तीच, मोटर तीच. टॉपला अठरा इंची अलॉय चाकं, काचेचं छत, बुडाला गार वारा सोडणारी सीट, दार उघडलं की निळा दिवा. बेसला सोळा इंची चाकं आणि त्यावर प्लॅस्टिकच्या टोप्या. संपलं.

शेजारच्या प्रद्युम्ननं दिवाळीत बेस घेतली. लॅब आहे त्याची. माणूस रक्त-लघवी तपासणारा, त्याला राईड कम्फर्ट काय कळणार? रोज सकाळी फडकं घेऊन त्या टोप्या पुसत बसतो. मला मत्सर नाही. कीव येते.

निष्कर्ष अजून काढलेला नाही. टॉप घ्यायचीय, पण मन मोकळं ठेवलंय.

शनिवार, ८ नोव्हेंबर

बेसची टेस्ट ड्राईव्ह. शोरूमचे स्वरूप नावाचे टायवाले गृहस्थ बरोबर होते.

राईड कम्फर्ट मोजायची माझी स्वतःची पद्धत आहे. स्टीलचा पेला ताकानं काठोकाठ भरायचा आणि डॅशबोर्डवर ठेवायचा. सांडेल तितके मार्क कमी. गाडी हिर्डोशीच्या रस्त्याला घातली. सध्या त्या रस्त्याला रस्ता म्हणणं हा मोठेपणा आहे. पहिल्याच खड्ड्यात पेला उडाला. ताक काचेवर, स्टिअरिंगवर आणि स्वरूपच्या टायवर. कढीपत्त्याचं पान त्याच्या कॉलरला चिकटून राहिलं, ते मी त्याला परत येईपर्यंत सांगितलं नाही.

बेस साफ नापास. माझी पाठ तेवढी अजिबात दुखली नाही, पण पाठ हे काही मोजमाप नव्हे.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज टॉप. हायवेला नेली. कापूरहोळच्या पुढे रस्ता कसा लोण्यासारखा. गाडीला वेग असतो म्हणून सुरक्षिततेसाठी पेला अर्धाच भरला. ताक थोडंसं सांडलं, माझ्या पँटवर. तो गुडघ्याचा धक्का होता. धरला नाही.

टॉप पहिल्या नंबरानं पास.

घरी येऊन शेफालीला निकाल सांगितला. बायको हायस्कूलला विज्ञान शिकवते, तेव्हा कौतुक करील असं वाटलं होतं. तिनं विचारलं, दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर का नाही नेल्यास? मी म्हणालो, तोच रस्ता पुन्हा बघण्यात काय नवीन शिकणार? तिनं विचारलं, पेला एकदा पूर्ण आणि एकदा अर्धा का? मी तिला प्रयोग म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ती कुकर लावायला निघून गेली. कुकर आधीच लावलेला होता.

शोरूममधून निघताना स्वरूपनं एक बावळट वाक्य टाकलं होतं. म्हणे, साहेब, चाक मोठं झालं की टायरची रबराची कड बारीक होते, खड्डा जरा जास्त लागतो, आईंना बेसच बरी पडेल. महाग गाडी विकायची सोडून हा स्वस्त विकतोय! अशी माणसं धंदा बुडवतात.

बुधवार, १२ नोव्हेंबर

टॉप बुक केली. काळी.

काल शेफाली म्हणाली होती, बुक करायच्या आधी आईंना एकदा प्रद्युम्न भाऊजींच्या गाडीत फिरवून आणू, काय त्रास होतो का बघू, ते नाही म्हणणार नाहीत. ते नाही म्हणणार नाहीत हाच तर प्रॉब्लेम आहे. जन्मभर ऐकवेल. शिवाय आईला प्लॅस्टिकच्या टोप्यांच्या गाडीत बसवू? तिला दिसत नाही म्हणून काय झालं!

संकल्प : प्रद्युम्नचं नाव या वहीत पुन्हा येणार नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

गाडी दारात आली. काय दिसते! निळा दिवा लागला तेव्हा मला भरून आलं. आईसाठी.

पूजा केली. नारळ फोडला, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली आणि गाडी पुढे घेतली. पच्, पच्, पच्, पच्. शेफाली म्हणाली, एखादं लिंबू उद्याला ठेव, आईंना गाडीत चोखायला लागतं. मी म्हणालो, टॉपमध्ये लिंबू? हा गाडीचा अपमान आहे. लिंबू जीपमध्ये लागतं. आणि बेसमध्ये.

प्रद्युम्न आला होता. दोन पेढे खाल्ले. टायरवर बोट दाबून म्हणाला, मस्त आहे, जरा कडक वाटतात नाही? मी म्हणालो, कडक म्हणजेच मजबूत.

सेटिंग स्वतः बसून केलं. गाडीत एक सोय आहे, ॲक्सिलेटरवरचा पाय उचलला की गाडी आपोआप ब्रेक लावते आणि त्यातून वीज परत बॅटरीत जाते. ती एकदम जास्तीत जास्तवर ठेवली. उतारावर फुकट वीज. प्रद्युम्नला हे सुचणार नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर. सकाळी, पासली

अख्खी आळी गाडी बघायला जमली. गेनबा तात्यांनी काचेच्या छतावर टकटक करून विचारलं, पाऊस आत येत न्हाई न्हवं? आई तयार होऊन ओट्यावर बसलीय, नवं लुगडं, हातात पिशवी. गाडीवरनं हात फिरवला. कुठल्या रंगाची हाय रं? काळी म्हटल्यावर म्हणाली, मला समदंच काळं दिसतंय, बरंच झालं.

आता निघतो. उद्या सकाळी ऑपरेशन. आज इतिहास घडणार.

तोच दिवस. संध्याकाळी, भोर

थोडक्यात लिहितो.

वेल्ह्याच्या अलीकडेच आईनं तोंडाला पदर लावला. मी विचारलं, गार वारा लागतोय ना बुडाला? आई म्हणाली, वारा बंद कर, पोटात ढवळतंय. पुढे वळणावळणाला मी पाय उचलत होतो आणि गाडी वीज बनवत होती. दर वेळी आईची मान पुढे, मग मागे. शेफाली मागून म्हणाली, ते सेटिंग काढ. मी म्हणालो, चार टक्के वाढलेत! खड्डा आला की अठरा इंची चाक असा आवाज करी की कोणी खालून मुसळ हाणतंय. मार्गासनीला आईनं दार उघडायला लावलं. दार उघडलं, निळा दिवा लागला, आणि आईनं त्याच्यावरच ओकारी केली.

लिंबू मागितलं. नव्हतं. चारही टायरखाली घातली असं सांगावं लागलं. आई म्हणाली, रबराला लिंबू आन् आईला वारा! शाना हायेस.

मग ती रस्त्याकडेच्या एका घराच्या ओट्यावर बसली ती बसलीच. म्हणाली, आता यष्टी आली की मी माघारी चालले. डोळं गेलं तर जाऊंदेत. मी किती विनवलं! चिडलोसुद्धा. शेवटी ओट्याच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि मला रडू आलं, कारण ती खरंच गेली असती. तिला सडकेवरची यष्टीची पाटीसुद्धा वाचता येत नाही आता.

शेफालीनं मला न विचारता फोन लावला. ज्याचं नाव इथे येणार नव्हतं तो टोप्यांची गाडी घेऊन भोरहून आला. येताना लिंबं घेऊन आला. आई कुरकुरत त्याच्या गाडीत बसली, एक लिंबू तोंडात धरलं, आणि नसरापूर यायच्या आत तोंड उघडं टाकून झोपली. भोरला उठवावं लागलं.

याचं शास्त्रीय विश्लेषण असं. झोप थकव्यामुळे लागली. थकवा माझ्या गाडीत आला. म्हणजे झोपेला पायाभूत काम टॉपनंच केलं.

निळा दिवा पुसून काढला. वास आहे.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

काल ऑपरेशन छान झालं. आज पट्टी काढली. आईनं शेफालीकडे बघितलं आणि म्हणाली, पोरी, किती वाळलीस. मग माझ्याकडं बघून म्हणाली, तू न्हाई वाळलास.

दवाखान्याच्या दारात आमची काळी उभी होती. आई थांबली. आरं, ही तुजी व्हय? लई देखणी हाय रं! असं म्हणून तिच्या भोवती एक फेरी मारली, चाकं बघितली, काचेचं छत बघितलं. माझी छाती फुगली. शेफालीला म्हटलं, ऐक. आई पुढे म्हणाली, आता दुसरी कुठं हाय ती बोलीव, घरी जाऊ.

पहिला भाग महत्त्वाचा. लई देखणी, हे तिचे स्वतःचे शब्द आहेत. प्रद्युम्नच्या गाडीला ती असं काही म्हणालेली नाही. गाडीत बसल्या बसल्या पेंगली फक्त.

रविवार, १४ डिसेंबर

आईला पासलीला सोडायचा दिवस. ती प्रद्युम्नच्या गाडीत, मागच्या सीटवर. तिला औषधाचे थेंब घालायला शेफालीही तिकडेच. माझ्या गाडीत आईनं म्हशीसाठी घेतलेलं पेंडीचं पोतं. डिकीत मावलं नाही म्हणून पुढच्या सीटवर ठेवलं. गाडीला वाटलं माणूस आहे, बेल्ट लावा म्हणून ठणाणा करायला लागली. पोत्याला बेल्ट लावला. चुकून गार वारा चालू झाला होता, तो वेल्ह्यापर्यंत पोत्याला लागत होता.

ते सेटिंग काढलेलं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

वेल्ह्याच्या पुढे मला जरा कसंसंच व्हायला लागलं. चालवणाऱ्याला गाडी लागत नाही असं विज्ञान सांगतं, तेव्हा तो प्रकार नक्कीच वेगळा असणार. सकाळी भोरला खाल्लेली मिसळ. शिवाय काचेचं छत, डोक्यावर ऊन. गाडी कडेला घेतली आणि धोंड्यावर बसलो. पुढची गाडी थांबली. आई उतरून चालत आली, काठी न टेकता. म्हणाली, लांबनंच दिसलं मला, त्वांड पांढरं फटक पडलंय तुजं. काय स्वच्छ बघते आता! पदराची गाठ सोडून तिनं लिंबू काढलं आणि माझ्या हातात दिलं. चोख. लाजू नगंस.

चोखलं. गाडीचा काही संबंध नाही.

पुढे टॉप शेफालीनं चालवली, पोत्याशेजारी. तिनं आधी ते सेटिंग काढलं. मी आईजवळ बसलो, टोप्यांच्या गाडीत. फक्त तुलना करायला. अभ्यास अर्धवट सोडणारा माणूस मी नव्हे. पासलीच्या वळणांवर खड्डे नीट मोजायचं ठरवलं होतं.

पासली कधी आली कळलं नाही. आई म्हणते, घोरत व्हतास. प्रद्युम्न नुसता हसला.

थकवा. दुसरं काही नाही.