बुवापाड्याच्या मांडवातलं सुप्रीम कोर्ट

९ ऑगस्ट, शनि.
ठरलं. यंदा आपल्या गणपतीला सुप्रीम कोर्टाचा देखावा. आपल्या पक्षाच्या बाजूने कोर्टाचा निकाल लागल्यापासून शशा नुसता हवेत आहे. "सुन्या, असा घुमट बनव की बदलापूरहून लोक आले पाहिजेत. कोर्ट म्हणजे देव आहे रे आपला!" मंडळाचा अध्यक्ष बोलला म्हणजे झालं. त्यात पहिलीपासूनचा दोस्त.
पलीकडच्या गल्लीतला पेडणेकर, दुसऱ्या पक्षाचा, टोमणा मारून गेला. "तुमचं कोर्ट, तुम्हीच ओवाळा."

१७, रवि.
मंडळाच्या खोलीतच काम. पुठ्ठ्याचे खांब झाले. घुमटाला बांबूच्या कामट्या. पाठ कामातून गेली, पण रंग मारल्यावर बायकोसुद्धा बघत उभी राहिली. लय भारी वाटलं.

२२, शुक्र.
नवा निकाल. पक्षाच्या विरोधात. दुपारपासून ग्रुपवर शिमगा. शशा: "हे कोण लागून गेलेत? यांना निवडून कोणी दिलं?" च्यायला, गेल्या आठवड्यापर्यंत देव होता ना? मी लिहिलं, निकाल वाचला का कोणी? सगळ्यांनी हसण्याच्या इमोजी टाकल्या.

२४, रवि.
मीटिंग. घुमट कापायचा, वर तुरे लावून राजवाडा करायचा. सकाळी शशा म्हणाला होता, "टेन्शन नको घेऊ, मी आहे ना." आणि पहिला हात त्याचाच वर. माझ्याकडे बघितलंही नाही.
निकाल मला तरी कुठे पटलाय? राग मलाही आलाय. पण म्हणून काय कापायचं?
जेवलो नाही.

२५, सोम.
पेडणेकर चक्क घरी. मिठाई घेऊन. "घुमट आमच्या मांडवात आणा. कोर्टाने आमची लाज राखली." विचारलं, पुढचा निकाल तुमच्याविरुद्ध गेला तर? हसला. "तेव्हाचं तेव्हा बघू, शेठ." मिठाईसकट परत पाठवला. बायको म्हणते, मिठाई तरी ठेवायची. सगळे सारखेच साले.

२६, मंगळ.
उद्या बाप्पा. खोलीला आतून कडी लावून बसलोय. घुमट शाबूत आहे.
शशा दार वाजवतोय. "सुन्या, उघड ना यार. पक्षाची माणसं आरतीला येणार. मी त्यांना काय तोंड दाखवू?"
"आणि मला?"
घुमट कापायला आणलेल्या करवतवाल्या पोरांना त्याने चहाला पाठवलं, तेवढं ऐकू आलं. स्वतः गेला नाही. पायरीवर बसलाय, खोकतोय.