अंगठ्याचा चुना

कुंभकोणम,
१२ जून

प्रिय कुळली अक्का,

नमस्कार. “पायाच्या अंगठ्याला चुना लाव आणि गप्प बस, ही पुरुषांच्या कानावर घालायची दुखणी नव्हेत,” असं अम्मा मला म्हणाली होती, मी परकर नेसायची तेव्हा. आज सासूबाईंच्या पानाला चुना लावताना ते आठवलं.

त्यांचा खोकला आता बरा आहे. मागच्या दारची मल्ली इतकी फुलली आहे की शेजारणीही वेणीभर नेतात. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र फुलवाल्या सेल्वीकडे देते आहे. दुपारपर्यंत मायवरमला पोचेल.

काल तुझ्या लेकीचा, तेन्मोळीचा, फोन आला होता. तिच्यावर रागावू नकोस. आधी नुसतंच “चित्ती, जेवलीस का?” मग आवाज खाली आला. “लघवीला जळजळतंय गं. सारखं जावंसं वाटतं आणि होतात चार थेंब. अम्मानं अंगठ्यांना एवढा चुना फासलाय, जोडवी शोधावी लागतात!” हसली. “उष्णता आहे म्हणे. आज जरा बरं वाटतंय.”

त्या ‘बरं वाटतंय’चीच मला भीती वाटते, अक्का.

तिच्या वळैकाप्पूला, सातव्या महिन्यातल्या बांगड्या भरायला, मी आले नाही. पाहुणे आलेत असं कळवलं. त्यावर तू चारचौघींत म्हणालीस, “तिला मूल नाही ना, बघवत नसेल.” माझ्या कानावर आलं ते. असू दे.

पाहुणे कोणी नव्हते. मी दवाखान्यात सलाईन लावून पडले होते. आठवडाभर आधी मलाही तशीच जळजळ झाली, मीही चुना लावला, जरा उतार पडला. मला वाटलं, उष्णता गेली. मग ऐन उन्हाळ्यात दोन घोंगड्यांत हुडहुडी भरली, ताप चढला, बरगडीखाली पाठ धरली. नर्सनं माझे पाय पाहिले आणि म्हणाली, “चुना खाली, आणि रोग बघ कुठवर चढलाय! थेट मूत्रपिंडात.” लघवीसाठी बाटली हातात देऊन म्हणाली, “पहिली धार सोड, मधली धर.” जंतू कोणता आणि त्याला कुठलं औषध लागू पडेल, ते त्यातून कळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “जळजळ कधी आपोआप कमी होते, पण जंतू आतच राहतात. तू पोटुशी असतीस तर? अशानं बाळ वेळेआधी येऊ शकतं.”

त्या दिवशी येत नाही म्हणून कळवायला केलेला फोन अत्तानांनी उचलला होता. तुझ्या नवऱ्याला कोणत्या तोंडानं सांगू, कुठे दुखतंय ते?

चुना हवा तर राहू दे, पण तिची लघवी तपासून घे. घरातल्या उरलेल्या गोळ्या देऊ नकोस. या दिवसांत कुठली चालते ते डॉक्टरच सांगतील, आणि आराम पडला तरी देतील तेवढ्या सगळ्या संपवायच्या. रात्रीत ताप आला किंवा थंडी वाजली, तर माझीही वाट बघू नकोस, तडक दवाखान्यात ने.

तू म्हणशील, सासरी कळलं तर मुलीत खोट काढतील. वळैकाप्पू झालेल्या पोरीसोबत मूल नसलेली बाई नको, हेही म्हणशील. तुला विचारल्याशिवाय ती उंबरा ओलांडणार नाही, हे मला ठाऊक आहे.

उद्या पहिल्या बसनं येते. मला घरात घेऊ नकोस, माझ्याशी बोलूही नकोस. तू नाहीच म्हणशील, तरी मागते: तिला एका सकाळपुरती माझ्यासोबत पाठव.

तुझ्या पाठची,
वडिवू