विठाबाईचा सत्कार

चिक्कडपल्ली, हैदराबाद
३ फेब्रुवारी १९५७

ती. दादा यांस,
इंदूचा सा. न. वि. वि.

बदलीनंतर औरंगाबादेत तुमचं बस्तान बसलं, वाचून बरं वाटलं. बाकी मी भयंकर चिडलेय. हैदराबाद राज्याची वाटणी झाल्यापासून आपल्या वृद्धाश्रमात सेवेला असलेल्या तीन आया नवऱ्यांबरोबर मराठवाड्यात गेल्या. उरली तीन वर्षं इथे राबणारी विठाबाई. तिलाही परभणीहून भावाचं बोलावणं आलंय.

ती राहायला तयार आहे, हो! पण बुद्धाची दीक्षा घेऊन आल्यापासून तिचं म्हणणं एकच, की जेवेन तर सगळ्यांच्या पंगतीत, मागच्या ओट्यावर नाही. यात काय चुकलं? अर्धांगवायू होऊन आश्रमात आल्यापासून आपली आई तिच्याच हातून जेवते. मी घास पुढे केला की तोंड फिरवते. हात चालतो आणि पंगत चालत नाही, हा कुठला न्याय? तुम्ही आश्रमाच्या समितीचे चिटणीस. एक ओळ लिहा, फिजूल वेळ काढू नका.

आपली,
इंदू

औरंगाबाद
९ फेब्रुवारी १९५७

चि. इंदूस अनेक आशीर्वाद.

तुझा राग अजून नाकाच्या शेंड्यावरच! आईची काळजी मलाही आहे, पण पंगतीला हात लावला तर आचारी जाईल, देणगीदार रुसतील. अध्यक्ष हणमंतरावांना मी लिहिलंय. विठाबाईचा जाहीर सत्कार करू. साडी, नारळ, चार गौरवाचे शब्द. खूश होऊन राहील बघ. तू मात्र तोंड सांभाळ.

आईला नमस्कार. लोभ आहेच, तो राहू दे.

तुझा,
एकनाथ

चिक्कडपल्ली
१८ फेब्रुवारी १९५७

दादा,

नमस्कार. झाला तुमचा सत्कार!

हणमंतरावांनी तिला सेवामूर्ती म्हटलं, माउली म्हटलं. टाळ्या झाल्या. मग पानं मांडली, आणि त्या माउलीचं ताट आचाऱ्यानं नेऊन ठेवलं मागच्या ओट्यावर! कुणाला काही वावगं वाटलं नाही. हणमंतराव निवांत वरणभात कालवत होते. माझं डोकंच फिरलं. विठाबाईला हाताला धरून आणलं आणि आईशेजारी माझ्या पानावर बसवलं. दोन देणगीदार उठून गेले. जाईनात का!

विठाबाईनं आईला भरवलं, स्वतः जेवली, हात धुतला आणि म्हणाली की उद्या निघते. मी गयावया केली, रोज तुझं पान मांडीन म्हटलं. ती म्हणाली की आजचं पान तुम्ही तुमच्या आईसाठी मांडलंत ताई, माझ्यासाठी मांडायला तीन वर्षं होती. काल सकाळी सिकंदराबादहून गाडीत बसली. साडी नेली नाही.

कालपासून आईच्या पोटात अन्न नाही. घास लावला की ओठ घट्ट मिटते आणि दाराकडे बघते. रजा मिळत नाही ही सबब मला सांगू नका. या, हणमंतरावांनाही बोलवा, आणि भरवा तिला.

लोभ मागायला आज माझी जीभ वळत नाही.

इंदू