जरा हलणारं इंजिन

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पाठकोऱ्या कागदावर आहे म्हणून नाक मुरडू नकोस. मागच्या बाजूला कारखान्याच्या जुन्या पावत्या आहेत, त्या वाचायच्या नाहीत.

आमच्या पिकअपचं इंजिन गेलं. आजारी पडलं असं नव्हे, गेलंच. चढावर पाणी संपलं, तापलं आणि ब्लॉकला वीतभर भेग पडली. इथला मेकॅनिक म्हणाला की हे जोडण्यापेक्षा फुटकं मडकं शिवणं सोपं. गाडी मामंजींच्या वेळची, तसलं पेट्रोल इंजिन आता कुठे मिळायला? ह्यांच्या मनात डिझेल बसवायचं आहे. कारखान्याच्या मालकांनी मार्चअखेरपर्यंत वाट बघतो म्हणून सांगितलंय. तोवर गाडी उभी राहिली नाही, तर कारखान्याची दारं-खिडक्या गिऱ्हाइकांकडे पोचवायचं काम दुसऱ्या टेंपोवाल्याला आणि ह्यांना तिथल्या फाटकापाशी राखणदाराची खुर्ची. ऐकल्यापासून हे शेडमध्ये उघड्या बॉनेटपुढे उभे असतात. खुर्चीवर बसवण्यापेक्षा भंगारात घाला, असं काल म्हणाले. गाडीला की स्वतःला, ते मी विचारलं नाही.

माझंही तेच. देवापुढे बसते, ओठ हलतात, लक्ष शेडमध्ये. माळ ओढता ओढता कितवा मणी ते विसरते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. देवाला एवढा जप फुकटात मिळतोय.

तर तुझ्या वखारीत कुठकुठली डिझेल इंजिनं आहेत ते कळव. शिवणाच्या टेपने मी जागा मोजली आहे: रेडिएटरपासून मागच्या पत्र्यापर्यंत अडतीस इंच, रुंदी सव्वीस. वजन लिही, लांबी लिही, आणि चालू असताना कुठलं जास्त हलतं तेही लिही.

हे स्वतः लिहिणार होते, पण मेहुण्यापुढे हात पसरणं त्यांना जमत नाही. तुझा लोभ आहे हे मी धरूनच चालते.

तुझी,
ताई


ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस धाकट्याचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पावत्या आधी वाचल्या, पत्र नंतर. तुमच्या गावात बाथरूमची दारं फार मोडतात असं दिसतं.

वखारीत तुमच्या गाडीजोगी दोन इंजिनं आहेत. एक चार सिलेंडरचं, पाव पोचवणाऱ्या व्हॅनमधलं. कामाला बैल, पण चालू केलं की शेजाऱ्याचे दात वाजतात. दुसरं सहा सिलेंडरचं, एका मोठ्या साहेबी गाडीतलं. त्यात एकाचा धक्का दुसरा सिलेंडर खाऊन टाकतो. चालू इंजिनावर पाण्याचा पेला ठेव, थेंब सांडला तर माझं नाव बदल. वजनाने जास्त आहे, म्हणून पुढच्या स्प्रिंगांना एकेक पाटा चढवावा लागेल आणि रेडिएटर दोन इंच पुढे सरकवावा लागेल. तुझ्या अडतीसाचे चाळीस इंच झाले की भागतं. मी म्हणतो सहाचंच घ्या. दाजींच्या पाठीला आणि तुझ्याही हाडांना आराम. पैशांचं आपण भावंडं बघून घेऊ, तू लगेच वही उघडू नकोस.

जास्त हलणारं कुठलं, असं विचारणारं गिऱ्हाईक मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. घाईत उलटं लिहिलंस ना?

दाजींनी स्वतः दोन ओळी लिहिल्या असत्या तर बिघडलं नसतं. दोन वर्षांपूर्वी आलो तेव्हा फाटकातून तीन हाका मारल्या. पाठमोरे बसून नट आवळत राहिले, वळूनसुद्धा बघितलं नाही. मालकाने हाक मारली असती तर पहिल्या हाकेला उठले असते. असो. मोठ्यांचं मोठ्यांपाशी. मला विसरू नये ही विनंती.

तुझा,
धाकटा


ता. १४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

उलटं लिहिलेलं नाही. चार सिलेंडरचंच पाठव.

तुझं पत्र ह्यांनी तीनदा वाचलं. मग शेडच्या फरशीवर खडूने दोन्ही इंजिनांच्या चौकटी आखल्या. सहाच्या चौकटीभोवती फिरले, उकिडवे बसले, उठले, पुन्हा फिरले. मला वाटलं, मोहात पडतात. तेवढ्यात चपलेने पुसून टाकली. असं घसघशीत इंजिन सोडायला जिवावर आलं असेल.

कारण मला विचारू नकोस. हाकेचं म्हणशील तर त्यांच्या मनात तुझ्याविषयी काडीचाही राग नाही, एवढं माझ्या शब्दावर ठेव. बाकी पुढे देव बुद्धी देईल तसं.

इथे हातापायांना चैन नाही. डबे घासून झाले, पडदे धुऊन झाले, पडदे पुन्हा धुतले. दिवसातून चारदा शेडचं कुलूप ओढून बघते. आत चोरण्याजोगं काय आहे? भेगाळलेला ब्लॉक न्यायला चोर तरी पहिलवान हवा. महिना संपायच्या आत इंजिन निघालं पाहिजे. बसवायला इथला वेल्डर तयार आहे.

राग धरू नकोस, धरलास तर लवकर सोड.

ताई


ता. २२ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

आलं माझ्या लक्षात. मी काही आजचा तुला ओळखत नाही. आपल्या दोघांत एकच छत्री होती तेव्हा तू भिजत चालायचीस आणि म्हणायचीस की मला भिजायलाच आवडतं. हे 'हलणारं आवडतं' त्यातलंच. काटकसर करावी, पण स्वतःचे मणके खिळखिळे करून?

तेव्हा तुझं ऐकलं आणि माझंही केलं. चार सिलेंडरचं इंजिन उद्या ट्रकने निघेल. तुमचा जुना गिअरबॉक्स त्याला जोडायची मधली प्लेट मी स्वतः कातून घेतली आहे. बंद करायला किल्ली फिरवून भागणार नाही, डॅशबोर्डाखालची दोरी ओढायची, हे दाजींना सांग. आता गंमत. इंजिन ज्यांवर टेकतं ती रबरं मी साहेबी गाडीची घातली आहेत, लोण्यासारखी मऊ. बॉनेटच्या आत आणि पायाखाली घालायला दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा आहे. शिवाय स्पंजाची नवी सीट, तुझ्या पाठीसाठी. पैशांचं नाव काढलंस तर बोलणार नाही.

इंजिन चालू आहे की बंद, हे दाजींना कळणारसुद्धा नाही बघ!

भावाची आठवण सीटवर बसताना तरी व्हावी.

धाकटा


ता. ३ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तू लिहिलंस तसंच झालं. त्यांना कळलं नाही.

पाच दिवसांत वेल्डरने सगळं बसवलं. काल सकाळी शेडपुढे माणसं जमली, मालकही मुद्दाम आले. तुझी रबरं, नमदा, सीट, सगळं जिथल्या तिथे. मऊ रबरांबद्दल माझ्या मनात पाल चुकचुकली होती, पण तू हौसेने पाठवलेलं काढा म्हणायला जीभ रेटली नाही. चूक माझीच.

हे सीटवर बसले, किल्ली फिरवली आणि इंजिन एका झटक्यात चालू झालं. वेल्डरने टाळी वाजवली. हे मात्र डॅशबोर्डाकडे बघत थांबले. गिअरच्या दांड्यावर हात ठेवला, टाच नमद्यावर दाबली. थोडं थांबले आणि किल्ली पुन्हा फिरवली. चालत्या इंजिनावर स्टार्टर! अशी करकर झाली की गल्लीतली कुत्री उठली. वेल्डर ओरडला, मालक ओरडले. ह्यांनी तिसऱ्यांदा फिरवली. शेवटी मी बॉनेटपुढे जाऊन दोन्ही हात वर केले, तेव्हा माझ्याकडे बघून थांबले.

कुणी हसलं नाही रे. हसले असते तर परवडलं असतं. मालकांनी जवळ जाऊन हळूच विचारलं की हे कधीपासून. ह्यांनी त्यांच्या ओठांकडे बघितलं आणि रंग अजून द्यायचा राहिलाय, असं उत्तर दिलं.

आता लपवण्यात काय अर्थ? गाडीवर यायच्या आधी लाकूड कापायच्या करवतीशेजारी वीस वर्षं काढली, तिने कान खाल्ले. आधी उजवा, मग डावा. तीन वर्षांत सगळंच बंद झालं. समोरचा बोलतो ते ओठांवरून ओळखतात. पाठीमागून हाक मारली तर देवाची असली तरी पोचणार नाही. गाडी ते तळहाताने आणि टाचांनी ऐकायचे. दांडा कसा थरथरतो यावरून गिअर कधी बदलायचा ते त्यांना कळायचं. मी शेजारी बसते ती हवा खायला नाही. मागून हॉर्न आला की त्यांचा गुडघा दाबते. कुणाला सांगायचं नाही म्हणून माझ्याकडून शपथ घेतली होती. ती आज देवासमोर उभी राहून मोडली आणि मग लिहायला बसले.

मालक जाताना समोर कारखान्याच्या फाटकापाशी थांबून खुर्चीच्या जागेकडे बघत होते. कालपासून हे जेवायला बसतात नि उठतात. काय करू ते लवकर लिही. तुझ्या मायेवर विसंबून आहे.

ताई


ता. ७ मार्च

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र वखारीत उभ्याने वाचलं, मग पिंपावर बसून वाचलं. तीन हाका मोजून ठेवल्या होत्या मी. दोन वर्षं त्या उगाळत बसलो. आता त्या माणसाला तोंड कसं दाखवू?

पण तुझ्यावर रागावलोय, आणि मोठी आहेस म्हणून गिळून टाकणार नाही. रस्त्यावर पोरंबाळं असतात. तू गुडघा दाबतेस, ठीक. एखाद्या दिवशी तुला ताप असला, डुलकी लागली, तर? शपथ पाळलीस ती नवऱ्यासाठी. समोरून येणाऱ्याने काय घोडं मारलं होतं?

कान नसलेले लोक गाडी चालवत नाहीत असं नाही. आमच्याकडे माल आणणारा एक ट्रकवाला तसाच आहे, पण त्याच्याकडे कागद आहे, दोन्ही बाजूंना ताटाएवढे आरसे आहेत. तर माझी अट ऐक. आधी डॉक्टर. मग वाहन-ऑफिसात दाजींनी स्वतःच्या तोंडाने सांगायचं आणि नव्याने परीक्षा द्यायची. पास झाले तर झाले. नाही झाले तर मी येईन, इंजिन माझ्या हाताने उतरवीन आणि दाजींच्या खुर्चीशेजारी आठवडाभर बसेन.

व्हॅनची मूळ कडक रबरं पाठवतोय, आरसेही. परीक्षेला जायच्या आधी बसवून घ्या. नमदा उचकटून टाका. स्पंज काढा, फळीवर नुसतं कातडं ठोका. माझी हौस मला परत करू नका, कोंबडीला घाला अंड्यांवर बसायला.

हे पत्र दाजींना वाचायला दे. रागाचा भागसुद्धा.

धाकटा


ता. २७ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद. वि. वि.

अक्षर वाकडं आलं तर समजून घे, खिडकीत उभी राहून लिहितेय.

तुझं पत्र ह्यांनी वाचलं आणि रागाचा भाग पुन्हा वाचला. म्हणाले की मेहुणा बोलतो ते खरं, आणि तिन्ही हाकांना आज ओ देतो असं लिही. तर लिहिलं.

डॉक्टर झाले. कान परत येणार नाहीत, डोळे तरुणाचे आहेत म्हणाले. वाहन-ऑफिसात जायच्या आदल्या दिवशी आरशापुढे उभे राहून एकच वाक्य म्हणत होते. मला ऐकू येत नाही. कधी मोठ्याने, कधी पुटपुटत, कारण किती आवाज निघतोय ते त्यांना कळत नाही. तिथे खिडकीशी एवढ्या जोरात म्हणाले की सगळ्या रांगेने वळून बघितलं. साहेबांनी दोन तास फिरवलं. चढावर थांबवलं, गर्दीत घुसवलं, मागून दुसरी गाडी लावून बघितली. मला बाहेर बाकावर बसवलं होतं. तिथे किती जप झाला ते देवालाच ठाऊक, मी मोजला नाही. लायसनवर शिक्का मिळाला, दोन्ही आरसे सक्तीचे, असं लिहून.

तुझ्या कडक रबरांनी मात्र कहर केला. सगळी गाडी हिवताप आल्यासारखी कापते. मागच्या दिव्याचा स्क्रू दोनदा पडला, माझी दाढ दुखायला लागली. पहिल्यांदा चालू केली तेव्हा ह्यांनी दांड्यावर हात ठेवला, टाच टेकवली आणि हसले. कित्येक महिन्यांनी बघितलं ते हसू.

मालकांनी शिक्का बघून काम ठेवलं. दोन दिवस मी शेजारी बसून गेले. काल चढावर मागून हॉर्न आला, माझा हात गुडघ्याकडे निघाला, तोवर ह्यांनी आरशात बघून गाडी कडेला घेतलीसुद्धा होती. हात तसाच परत आणून मांडीवर ठेवला. संध्याकाळी म्हणाले की उद्यापासून तू घरी राहा, तुझ्या जागी दोन खिडक्या जास्त मावतील. एवढी वर्षं मी शेजारी बसले त्याची ही किंमत, बघ!

तर आज पहिल्यांदा एकटे गेलेत. अकरा दारं आणि खिडक्या. बाराला येतो म्हणाले होते, आता सव्वा वाजलाय. मी तीनदा फाटकापर्यंत जाऊन आले. देवापुढे बसवत नाही, उभंही राहवत नाही. रस्त्याने गेलेलं प्रत्येक डिझेल आपलंच वाटतं. कुठे थांबले असतील? कुणी पत्ता चुकवला असेल? आवाज दिलेला कळला नसेल?

थांब. पाण्याच्या टाकीच्या वळणावर कुणीतरी आहे. आपलंच. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढ चढतेय, इंजिन ओरडतंय. आता चढ संपला, आता तिसरा टाकायला हवा. टाका ना.

टाकला. वेळेवर टाकला.

फाटक उघडायला जाते. कागद संपला, लोभ नाही.

ताई