माझी बंदूक, माझा हक्क

३ मार्च, सकाळी
पेपरात आलंय. सगळ्या बंदुका महिनाअखेर पोलिस स्टेशनात नेऊन नव्याने नोंदवायच्या. म्हणजे आज नोंद, उद्या जप्ती! मी नोंदवणार नाही. सासऱ्यांची दुनळी बंदूक ही आमच्या घराण्याची शान आहे. (घराणं सासऱ्यांचं. पण जावई घरचाच.) बायकोला निर्धार सांगितला. ती म्हणाली, बरं, आंघोळीला जा.

५ मार्च
‘बंदूकधारक हक्क संघ’ स्थापन. अध्यक्ष मी. सभासद दोन : समोरचे दाताचे डॉक्टर आणि मेव्हणा. डॉक्टरांकडे रायफल. मेव्हण्याकडे नुसती छऱ्याची, पण आवाज मोठा. मेव्हण्याचा. सासऱ्यांनी दुनळी पोटच्या मुलाला न देता आमच्याकडे दिली, यातच सगळं आलं.

८ मार्च
लढ्याची तयारी. बंदूक साफ करायला घेतली. उघडेना. बोट चेमटलं. बायकोने येऊन एक खटका दाबला, उघडली. मी आधी सैल करून ठेवली होती म्हणून.

१२ मार्च
भाषण लिहायला घेतलं. फार जोरदार होतंय. मुलीने विचारलं, बाबा, तुम्ही कधी बार काढलाय का? तिला समजावलं, हक्क वापरायचा नसतो, असावा लागतो. ती हसत आत गेली. पिढीच बेफिकीर.

१५ मार्च, दुपारी
दारात पोलिस! मी नेमका बाथरूममध्ये होतो. डावपेच म्हणून तिथेच थांबलो. तो म्हणे रस्त्यात लावलेली गाडी काढा सांगायला आला होता. सुरुवात अशीच करतात.

२० मार्च
फितुरी. डॉक्टर रायफल नोंदवून आले. वर तिथल्या साहेबांची दाढही तपासून आले. मेव्हणा म्हणतो, छऱ्याच्या बंदुकीला नोंद लागतच नाही, मग मी कशाला भांडू? दोघांना काढून टाकलं. संघ आता एकमताने चालतो.

२७ मार्च
थेट पोलिस स्टेशनात गेलो. उभं राहून भाषण केलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं, पाणी दिलं, पत्ता विचारला. मग म्हणाले, अहो, ती बंदूक तर तुमच्या घरच्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात नोंदवली. लायसन त्यांच्याच नावावर आहे, वडिलांनी करून दिलेलं. मग जरा पुढे वाकून विचारलं, तुम्ही हात तर लावत नाही ना तिला? गुन्हा आहे तो.
छे छे, म्हणालो. बोट खिशात घातलं.
घरी येऊन बायकोला जाब विचारला. म्हणाली, सांगणारच होते, पण तुम्ही बोलत होतात. वडिलांनी तिला नेमबाजी शिकवली होती. लग्नाच्या आधी. इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नाही म्हणे. मी आंघोळीला गेलो.

२९ मार्च, रविवार
बायको नेमबाजीच्या मैदानावर गेली. डॉक्टर, मेव्हणा, मुलगी सगळे बरोबर. मीही गेलो, कुणीतरी जबाबदार माणूस हवा. तिने बंदूक खांद्याला लावली तेव्हा अगदी वेगळीच दिसली. बघत राहावंसं वाटलं. पण पहिला बार झाला आणि मी गाडीत जाऊन बसलो. काचा वर केल्या.
थोड्या वेळाने मुलीने काचेवर टकटक केलं. आई विचारतेय, म्हणाली, कानात घालायला कापूस हवा का?
घेतला.